अर्ध्या दोऱ्याचा घागरा

मी, देमेत्रिया तार्की, इलारियो पात्सी यांची विधवा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा घागरे शिवणे, राहणार लोस आन्देस गल्ली, शहर ला पास, हे मृत्युपत्र आज राजीखुशीने सांगून लिहवून ठेवते. माझी शुद्ध शाबूत आहे. मोतीबिंदू डोळ्यांत उतरला आहे, डोक्यात नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. शिवणारीला नेहमी वाटते, अजून एक हंगाम आहे. आता डॉक्टर म्हणतात, पुढच्या मिरवणुकीची ऑर्डर घेऊ नका. तेव्हा घेतलेली नाही.

टंकायला बसलेले फाउस्तोसाहेब नोटरीचे कारकून आहेत. ते दोनदा म्हणाले, “बाई, मालमत्तेपुरतं बोला.” मी त्यांना सांगितले की माझी सगळ्यात मोठी मालमत्ता चोरीची आहे. ती माझ्या मुलीची आहे, तिला परत करायची म्हणून हा कागद. ती घेईल की नाही हे मला माहीत नाही. त्यावर ते टंकायला लागले.

कलम पहिले. लोस आन्देस गल्लीतले माझे घर, खाली दुकान व वर दोन खोल्या आणि गच्ची, हे सर्व माझी मुलगी नेल्वा पात्सी तार्की हिला द्यावे. ती सध्या ब्राझीलमध्ये साओ पावलो येथे राहते व शिवणकाम करते. गच्चीवरचा पत्रा वाऱ्याने वाजतो. तो मी दुरुस्त केलेला नाही, कारण त्या आवाजाने घरात कोणी आहे असे वाटते.

कलम दुसरे. पायाचे काळे मशीन, कापायचे मोठे टेबल आणि कागदी नमुन्यांची पेटी सेव्हेरा हिला द्यावी. ती अठरा वर्षे माझ्या हाताखाली आहे. माझी बोलणी खाऊनही टिकलेली ती एकटीच. मशीनचा पट्टा पावसाळ्यात सैल पडतो, त्याला मेण लावायचे, तेल नाही. हे मी तिला शंभरदा सांगितले आहे, आता सरकारी कागदावर सांगते.

कलम तिसरे. समोरच्या दुकानाच्या मालकीण बासिलियाबाई यांना माझी कोळशाची जड इस्त्री द्यायची होती. त्या या कागदाच्या साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देता येत नाही असे फाउस्तोसाहेब म्हणतात. म्हणून इस्त्री मी काल रस्ता ओलांडून हातोहात देऊन आले. ती या कागदात धरू नये. मात्र बासिलियाबाईंविषयी एक गोष्ट धरावी. दहा-बारा वर्षे मी गल्लीभर सांगत होते की या बाईने माझा दोरा चोरला. मंडळाच्या जेवणात मी तिच्या शेजारची खुर्ची सोडून उठले आहे. या सगळ्या चोराच्या उलट्या बोंबा होत्या. खरे काय ते तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, कारण ती माझ्या शेजारीच बसली होती. तरी तिने तीस वर्षे तोंड उघडले नाही. काल इस्त्री घेताना तिला म्हटले, “बोलायचं होतंस कधीतरी.”

ती म्हणाली, “तुझं पोर गेलं होतं. अशा बाईशी कोण वाद घालतं?”

कलम चौथे. हे कलम लांब आहे. फाउस्तोसाहेबांनी प्यायला आपि, आमचे मक्याचे गरम पेय, मागवून घ्यावे, माझ्या नावावर.

ग्रान पोदेर म्हणजे येशूच्या सणाच्या मिरवणुकीत आज बहुतेक नाच-मंडळांच्या बायका जो घागरा घालतात, ज्याच्या सगळ्यात खालच्या दुमडीवर फक्त डाव्या अंगाला पांढरी रेघ असते, त्याला सगळे शहर “अर्ध्या दोऱ्याचा घागरा” म्हणते. तो मी काढला असे समजले जाते. मला त्याबद्दल महापालिकेने पदक दिले. शाळेच्या एका पुस्तकात माझा फोटो आहे. नव्या बायका शिवायला शिकतात तेव्हा ती रेघ “देमेत्रियाची” म्हणून शिकतात. मी शपथेवर सांगते की ती रेघ मी काढलेली नाही.

खरी हकिगत अशी आहे.

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली माझ्या दोन मुली होत्या. नेल्वा चौदा वर्षांची आणि रुफिना, आमची रुफी, अकराची. इलारियो त्याआधीच घाटात ट्रकसकट गेला होता. त्या वर्षी लोकरवाल्यांच्या मंडळाने मला पहिल्यांदा चाळीस घागऱ्यांची ऑर्डर दिली. बाटलीहिरवे मखमल, पाच दुमडी. मंडळाने यंदा काय नेसायचे ठरवले आहे ते मिरवणुकीच्या सकाळपर्यंत कोणाला कळता कामा नये, ही आमच्याकडची रीत. कापड खिडकीशी सुद्धा नेत नाहीत. घागरा तयार झाला की कागदात बांधून, लाख लावून, बंद पुडके मंडळाकडे जाते आणि त्या सकाळीच फुटते. पुडके आधी फुटले तर शिवणारीला पुन्हा कोणी काम देत नाही.

दुमडी पक्क्या शिवण्याआधी पांढऱ्या कच्च्या दोऱ्याने टाचून घ्यायच्या आणि मशीन मारून झाले की तो दोरा उपसून काढायचा. हे काम माझ्या मुलींचे. दोघी घागरा मांडीवर पसरून समोरासमोर बसायच्या, उजव्या अंगाला नेल्वा आणि डाव्या अंगाला रुफी. मधोमध दोरा कापायचा, तीन म्हणायचे आणि आपापला अर्धा ओढायचा. जिचा न तुटता आधी बाहेर येईल तिला पावाचा कडक कोपरा. रुफी नेहमी अडीचलाच ओढायची. नेल्वा म्हणायची, “चोरटे.” रुफी म्हणायची, “हळूबाई.” मी मशीनवरून ओरडायची की हसताना मखमलावर थुंकी उडवू नका. तेव्हा मला तो आवाज नकोसा व्हायचा. आज मी त्यासाठी हे घर दिले असते.

मिरवणुकीला सात आठवडे होते तेव्हा रुफीला ताप आला. नवव्या दिवशी ती गेली. ती गेल्यावर आठव्या दिवशी, रीतीप्रमाणे, आम्ही वरच्या ओढ्यावर जाऊन तिचे कपडे धुतले आणि तिला पुढच्या वाटेला लागतील तेवढे जाळले. परत आल्यावर मी शाल काढली, मशीनवर बसले आणि नेल्वाला म्हटले, “आजपासून दुकानात तिचं नाव काढायचं नाही. नाव काढलं तर माझे हात चालणार नाहीत, आणि हात चालले नाहीत तर आपण दोघी रस्त्यावर.” ती बरं म्हणाली. तिने नाव काढले नाही. मीही काढले नाही. रडलेही नाही. कोणी विचारले तर म्हणायचे, ऑर्डर आहे. लोक म्हणायचे, काय धीराची बाई. तो धीर नव्हता, भीती होती. चाळीस घागरे मी दगडासारखी शिवत गेले. दोरा उपसणे, इस्त्री आणि पुडकी बांधणे हे सगळे नेल्वावर सोडले. ती कपाटामागच्या कोपऱ्यात पाठ करून बसायची. मी एकदाही मान वळवून पाहिले नाही की पोर एकटी काय करते आहे.

मिरवणुकीच्या सकाळी आम्ही कोपऱ्यावर खुर्च्या टाकून बसलो, मी, नेल्वा, आणि पलीकडे बासिलियाबाई. वरून बँड वाजत आला आणि मागे माझ्या हिरव्या घागऱ्यांच्या ओळी. पहिली ओळ वळली आणि मी खुर्चीवरून उठले. खालच्या दुमडीवर कच्चा पांढरा दोरा तसाच होता. पुढून मागे, अर्ध्यापर्यंत. चाळीसच्या चाळीस घागऱ्यांवर.

“हे काय?” मी म्हटले.

“दोरा,” नेल्वा म्हणाली.

“मला दिसतोय. काढला का नाहीस?”

“अर्धा काढला.”

भर रस्त्यात तिला दोन लगावल्या. काय बोलले तेही सांगते, कारण ते मला पाठ आहे. मी म्हटले, “अर्धंच काम करायचं होतं तर मग तू तरी कशाला राहिलीस मागे.” असे एखादी आई बोलते का? मी बोलले. बासिलियाबाईने ऐकले. बँड वाजत होता, म्हणून बाकीच्यांनी ऐकले नसावे.

तेवढ्यात मंडळाच्या अध्यक्षीण आसुंताबाई ओळ सोडून घामाघूम होत माझ्याकडे आल्या. मला वाटले, संपले, आता चारचौघांत अब्रू जाणार. त्या म्हणाल्या, “देमेत्रियाबाई, केलंत काय हे? अख्खी गल्ली विचारतेय. एकीकडे गिरकी घेतली की रेघ चमकते, उलटं फिरलं की गडप. सुचलं कुठून?”

मी म्हणू शकले असते की पोरीकडून राहिले, माफ करा. मी म्हणू शकले असते की विचारा तिला, ती इथेच उभी आहे. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी म्हणाले, “इयिमानीकडे बघून सुचलं. डोंगरावर बर्फ एकाच अंगाला टिकतो ना, तसं.”

नेल्वा गालावर हात धरून शेजारी उभी होती. तिने हे ऐकले.

पुढच्या वर्षी गल्लीतल्या सहा दुकानांनी डाव्या अंगाला पांढरा दोरा ठेवला. त्याच्या पुढच्या वर्षी कोणी चांदीचा घातला, मग कोणी मणी ओवले. बासिलियाबाईने कच्च्या टाक्याऐवजी पक्का साखळी टाका घेतला, आणि खरे सांगायचे तर तो माझ्यापेक्षा देखणा दिसला. लोकांना एखादी रेघ आवडली की ते तिला आजोबा-पणजोबा शोधून देतात. एक मास्तर म्हणाले, डावे म्हणजे काळजाचे अंग. एक बाई विद्यापीठातून आल्या, त्यांनी सांगितले की आमच्या पूर्वजांचे विणकाम असेच अर्धे-अर्धे असे. कोणी म्हणाले चंद्रकोर. मी प्रत्येकाला हो म्हणत गेले. रेडिओवर दरवर्षी डोंगर आणि बर्फ सांगत गेले. सांगून सांगून मला ते दिसायलाही लागले. अशी एक तऱ्हा जन्माला येते, मोठी होते, लग्नात जाते, पुस्तकात जाते, आणि तिची जन्मकथा सांगायला सगळ्यात पुढे मी, जिने पहिल्या दिवशी तिच्या आईच्या थोबाडीत मारली होती.

होय, आई नेल्वाच. तीच त्या रेघेची आई.

नेल्वा एकोणिसाव्या वर्षी ब्राझीलला गेली. भांडून नाही. भांडली असती तर बरे झाले असते. पिशवी भरली, माझ्या पाया पडली, बसमध्ये बसली. सुरुवातीला ख्रिसमसला यायची, मग फोन करायची, मग तोही नाही. मी लोकांना सांगायची, मुलीला तिकडे फार काम असतं.

या वर्षी मार्चमध्ये म्युझियमचे एक साहेब आले. त्यांना या घागऱ्यावर एक दालन करायचे होते. त्यांनी साओ पावलोला नेल्वालाही फोन लावला होता. मला म्हणाले, “तुमची मुलगी म्हणते, दोरा डाव्याच अंगाला का, ते आईला विचारा. तिला आठवतं का बघा.” मी त्यांना बर्फ सांगितला. ते गेल्यावर चैन पडेना. सात वर्षांनी मी तिला फोन केला.

“नेल्वा, तो म्युझियमवाला विचारतो, डाव्याच अंगाला का.”

“मग काय सांगितलंस?”

“नेहमीचंच.”

ती हसली. ते हसणे चांगले नव्हते. म्हणाली, “आई, डावीकडे कोण बसायचं?”

मी मान वळवून कपाटामागच्या कोपऱ्याकडे पाहिले.

“माझा अर्धा मी काढला,” ती म्हणाली. “सगळ्या घागऱ्यांचा. मधोमध कापायची, तीन म्हणायची, माझा ओढायची. तिचा कसा ओढू? तो तिचा होता. तिचं नाव काढायचं नाही म्हणालीस, नाही काढलं. दोरा तरी राहू दे म्हटलं तिचा. एकदा नाचू दे तिला, म्हटलं. तर तू रुफीचा दोरा डोंगराला देऊन टाकलास. दरवर्षी. रेडिओवर.”

“तेव्हाच का नाही गं बोललीस?”

“बोलणारच होते. तू मारलंस.”

तीस वर्षांत मी रडले नव्हते, त्या दुपारी रडले. दुकानात दोन गिऱ्हाइके होती, सेव्हेराने त्यांना बाहेर काढून दार लावून घेतले. मी फोनवर म्हटले, दुकान तुझं, नाव तुझं, पाटी बदलते, पेपरात देते, सगळ्यांना सांगते. ती म्हणाली, “मला नको ते. मला तेव्हा आई हवी होती.” आणि मी काय म्हणावे? सवयीने म्हटले, “वेडेपणा करू नकोस, मी कागद करून टाकते.” तिने फोन ठेवला. त्यानंतर मी बारा वेळा लावला. वाजतो आणि थांबतो.

म्हणून मी जाहीर करते की अर्ध्या दोऱ्याचा घागरा ही माझी दुसरी मुलगी रुफिना हिची वाटणी आणि माझी पहिली मुलगी नेल्वा हिची कृती आहे. माझा त्यात वाटा इतकाच की मखमल मी कापले, दुमडी मी शिवल्या आणि खोटे मी बोलले. महापालिकेचे पदक परत करावे. परत घेत नसतील तर ते कोणाच्याही घरी लावू नये.

कलम पाचवे. त्या चाळिसांपैकी एक घागरा आसुंताबाईंच्या सुनेने मला परत दिला, तो कपाटात वरच्या फळीवर आहे. म्युझियमला तो हवा आहे. एका अटीवर द्यावा. त्याखालच्या चिठ्ठीवर बर्फ, काळीज, चंद्र, पूर्वज यांपैकी काहीही लिहू नये. दोन मुलींची नावे आणि वये लिहावीत, आणि दोरा कोणाचा होता ते लिहावे. नंतर मी साहेबांना खरे सांगितले तेव्हा ते म्हणाले की असं लिहिलं तर लोकांना जरा साधं वाटेल. वाटू दे. ते तसे लिहिणार नसतील तर घागरा नेल्वाकडे जावा. तिने तो जाळला किंवा त्याचे पोतेरे केले तरी चालेल.

कलम सहावे. गल्लीतल्या कोणीही शिवणारीने हे वाचून डाव्या अंगाची रेघ बंद करू नये, अशी माझी विनंती आहे. तुम्ही चोरली नाही. आता त्या रेघेवर कितीतरी पोरींची लग्ने झाली, नाच झाले, पोटे भरली. ती तुमचीही आहे. फक्त शिकवताना माझे नाव घेऊ नका. पहिल्यांदा दोरा उपसायला बसलेल्या मुलीला सांगा की दोघी बहिणी होत्या.

कलम सातवे. मला साध्या काळ्या घागऱ्यात पुरावे, कुठल्याही रेघेशिवाय. मेलेल्यांचे दिवस पुढच्या आठवड्यात आहेत. दरवर्षी मी टेबल मांडते, पाव ठेवते, गोड आपि ठेवते, पण ज्यांना वाढायचे त्यांत रुफीचे नाव मोठ्याने घेत नाही. यंदा घेणार आहे. मला जमले नाही तर सेव्हेराने घ्यावे. माझे नाव नंतर घेतले तरी चालेल.

कलम आठवे. माझे कपडे धुवायला कोणी जायचे यावरून बायकांनी वाद घालू नये. नेल्वा आली नाही म्हणून तोंडे वाकडी करू नयेत. तिला वेळ नव्हता, तिकीट मिळाले नाही, असे काही माझ्यासारखे बनवून सांगू नये. विचारले तर म्हणावे, आली नाही.

कलम नववे. वर कलम पहिल्यात घर व दुकान नेल्वाला दिले आहे, आणि चौथ्यात नाव. आत्ता हे सगळे एकदा वाचून घेतले तेव्हा लक्षात आले की इथेही मी तिला न विचारताच सगळे ठरवले आहे. फाउस्तोसाहेब म्हणतात, वारसाला नाकारता येते, कायद्यात तशी सोय आहे, वेगळे लिहायची गरज नाही. तरी लिहा. ती नाही म्हणाली तर तिला कोणी समजावू नये. बासिलिया, तू सुद्धा नाही. आईचा आत्मा तळमळेल वगैरे म्हणू नये. कारण विचारू नये. पुन्हा फोन लावू नये. तिने घर नको म्हटले तर सेव्हेराने किल्ली नोटरीकडे द्यावी आणि आपल्या कामाला लागावे. तिने नाव नको म्हटले तर पाटी कोरी ठेवावी. ती जे म्हणेल ते पहिल्याच वेळी ऐकावे. मी ऐकले नाही.

हे सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले, दोनदा. दुसऱ्यांदा मी काही बदलले नाही. खाली माझ्या हाताने सही करते आहे.

देमेत्रिया तार्की, विधवा पात्सी

साक्षीदार: बासिलिया लिमाची, घागरे शिवणाऱ्या, लोस आन्देस गल्ली
साक्षीदार: तोरिबियो काल्ये, पावाची भट्टी, त्याच गल्लीत
लिहून घेणार: फाउस्तो इरिआर्ते, कारकून

स्थळ: ला पास
दिनांक: २६ ऑक्टोबर २०१८